बाबुराव डबीत नकोत

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी बिरसा मुंडांचे स्मारक नाणे निघाले, तेव्हापासून आमच्या चामोर्शी-अहेरी भागात एक प्रश्न हटकून ऐकू येतो: बिरसांचे निघाले, मग बाबुराव शेडमाकेंचे कधी? प्रश्न रास्त आहे. त्यामागची समजूत मात्र फार उथळ आहे. चांदीचे नाणे निघाले की मान मिळाला, असे सगळे धरून चालतात. ते नाणे कोणाच्या हाती पडणार, हे कोणी विचारत नाही.

बाबुरावांचा इंग्रजांविरुद्धचा लढा इथे नव्याने सांगायला नको. त्यांनी उभारलेले जंगोम दल, गढीसुर्ल्याची लढाई, चिंचगुडीच्या तारछावणीवरचा हल्ला आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगातली फाशी, हे आमच्याकडची शाळकरी पोरेही सांगतात. त्यामानाने त्यांचे साथीदार व्यंकटराव यांच्याविषयी कमी बोलले जाते. अडपल्ली-घोटची त्यांची जमीनदारी इंग्रजांनी जप्त केली आणि ती ६७ गावे अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली. यातले घोट आज चामोर्शी तालुक्यात आहे. ज्या मुलखाने बंडाची किंमत जमिनीने मोजली, त्या मुलखातल्या माणसाला हे नाणे पाहायला तरी मिळेल का?

सध्याची रीत पाहिली तर नाही. ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्यादेवींचे ३०० रुपयांचे नाणे निघाले, ३५ ग्रॅमचे, निम्मी चांदी असलेले. असली नाणी कायद्याने पैसा असतात, पण बाजारात येत नाहीत. टाकसाळीकडे नोंदणी करायची, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे भरायचे आणि डबीतून घरी आणायचे. ती प्रामुख्याने संग्राहकांकडे जातात. बाबुरावांचे टपाल तिकीट १२ मार्च २००९ ला निघाले, ते निदान पाकिटावर बसून गावोगाव जाऊ शकत होते.

नाण्याऐवजी दवाखाना बांधा म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो की दोन्ही मागता येतात. हे सगळे मतांसाठी चालते, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही; हेतू कोणताही असो, नाणे उरते.

खरा वाद आहे तो चांदीचा आग्रह धरणाऱ्यांशी. त्यांचे म्हणणे असे: चांदी हे आदिवासींचेच धन, आमच्या आज्यांच्या गळ्यात कलदार रुपयांच्या माळा असत, तेव्हा बाबुरावांना शोभेल तर चांदीच. हे ऐकायला बिनतोड वाटते. पण ती माळ कधी हातात घेऊन पाहावी. प्रत्येक रुपयाला वर कडी डागलेली, आणि त्यावर मुखवटा त्याच राणीचा, जिच्या अमलात बाबुराव फासावर गेले. आमच्या आयाबायांनी ते रुपये कुलपात ठेवले नाहीत. मार्कंड्याच्या जत्रेला त्या माळा घालून गेल्या, लग्नात मिरवल्या, आणि नड आली तेव्हा माळेतला एक रुपया काढून सावकारापुढे ठेवला. चांदी जनसामान्यांची झाली ती मोडता येत होती म्हणून. टाकसाळीच्या डबीतले नाणे कोणी दुकानात मोडत नाही.

यावर तीच मंडळी पवित्रा बदलतात. साधे नाणे मळते, झिजते, दारूच्या गुत्त्यातही जाते, त्यात हुतात्म्याचा अवमान होतो, म्हणतात. १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा रुपया चलनात आला. तो मजुरीत मिळाला, एसटीच्या तिकिटाला गेला, पानठेल्यावर गेला. त्याने बाबासाहेबांचा मान कणभर तरी उणावला का? २०१५ ला १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे अशी दोन नाणी निघाली. ज्यांच्यासाठी बाबासाहेब आयुष्यभर झगडले, त्यांच्यापर्यंत त्यांतले दहाचेच पोहोचू शकत होते. फिलिपिन्सने १९६१ मध्ये होसे रिझालच्या जन्मशताब्दीला चांदीची नाणी पाडली खरी. पण १८९६ मध्ये स्पॅनिश सत्तेने गोळ्या घातलेला तो माणूस आजही तिथल्या साध्या एक पेसोवर आहे. सगळ्यात लहान खरेदीतही त्याचा चेहरा हातात येतो.

शेवटचा आक्षेप उरतो तो असा की दहाचे नाणे दुकानदार घेतच नाहीत. हे खरे आहे, आणि संताप आणणारेही आहे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाची १४ प्रकारची नाणी वैध असल्याचे पुन्हा सांगितले, तरी नकार ऐकावा लागतो. मग पाचाचे पाडा. ते कोणी परत करत नाही.

म्हणून मी स्मारक नाण्यांत एकच भेद मानतो: जे दुसऱ्याला देता येते ते आणि जे फक्त जवळ ठेवता येते ते. धातू, वजन, नक्षी या गोष्टी माझ्या लेखी त्यानंतरच्या. तेंदूपत्त्याच्या मजुरीत जे मिळते आणि संध्याकाळी मीठमिरचीला जे जाते, तेवढेच आमच्या भागात खऱ्या अर्थाने पैसा आहे.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. २०३३ ला दोनशे वर्षे होतील. राज्य सरकारने आतापासून केंद्राच्या अर्थमंत्रालयाकडे प्रस्ताव पाठवावा: पाच रुपये, चलनासाठी, आणि पहिल्या पिशव्या चामोर्शी, अहेरी, एटापल्लीच्या बँकांत उघडाव्यात. चांदीचे पाडायचेच असेल तर ते त्यानंतर पाडावे.