पूर्ण बाह्यांचा शर्ट

कोल्हापूरकडचे एक जुने पैलवान परवा जिमचा विषय निघाल्यावर म्हणाले, "आमच्या तालमीत आरसा नव्हता, म्हणून असली खुळं नव्हती." वाक्य टाळीचं होतं आणि मला पटलंही. शरीर लढायला कमावलं की दाखवायला, हा फरक मी नेहमीच मानत आलो. आखाड्यात पाठ मातीला लागली की निकाल लागला. आरसा निकाल देतच नाही, रोज पुढची तारीख देतो.

प्रोटीनचे डबे, सिनेमातले सिक्स पॅक हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न त्या पोराचा आहे, ज्याचा दंड सोळा इंची आहे तरी तो स्वतःला काडीपैलवानच समजतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी १९९३ साली १०८ शरीरसौष्ठवपटूंच्या पाहणीत अशांची नोंद केली. पुढे १९९७ मध्ये आजाराला नाव मिळालं, मसल डिस्मॉर्फिया. (याच पोप यांनी जी. आय. जो या खेळण्यातल्या बाहुल्यांचे दंडही मोजले. माणसाच्या उंचीचा धरला तर १९६४ च्या बाहुल्याचा दंड साधारण १२ इंच, नव्वदीतल्या एकाचा २६ च्या वर. टेप घेऊन बाहुल्यांमागे लागलेला हा प्राध्यापक मला फार आवडतो.)

पण रुग्णांची वर्णनं वाचली आणि माझाच लाडका फरक डळमळला. ही मुलं भर उन्हाळ्यात ढगळ, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात. पोहायला जात नाहीत. व्यायाम बुडेल म्हणून लग्नकार्यं टाळतात. मिरवायची हौस असलेला पोरगा विसर्जनात बनियनवर नाचतो आणि मजेत असतो. हा मात्र अंग झाकतो. याला खातेय ती लाज, आणि लाजेला आरसा कशाला हवा? "काय रे, सुकलास?" एवढं पुरतं, आणि ते तर आपण दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणतो. पैलवान, खुराक अंगी लागत नाही म्हणून मान खाली घालणारी पोरं तुमच्या तालमीतही असणारच. ती गुपचूप घरी गेली असतील.

आजची पोरं घरी जात नाहीत, जिममधल्या 'सरां'ना विचारतात. सर इंजेक्शन सुचवतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की शरीर स्वतःचं बनवणं आवरतं घेतं, वृषणं आकसतात. सुई सोडली की मन खचतं, म्हणून पुन्हा सुई. वास्तविक २०१३ पासून हा आजार मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात मंत्रचळाच्या शेजारी नोंदलेला आहे. त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. आणि मानसोपचारतज्ज्ञ शर्ट काढायला सांगत नाही, हे या पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं.