नऊ धावांचं फळ

धुळ्यात पाचकंदीलजवळ चहाला बसलो की आमचा वाद हटकून १९४८ च्या डिसेंबरवर येतो. पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचे विक्रमी ४५२ गाठायला नऊ धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. जळगाव-धुळ्याची पोरं आजही महाराष्ट्राच्याच संघात जागा मिळावी म्हणून झटतात, त्यामुळे ही सल आम्हाला घरची वाटते.

माझा मित्र गीता पुढे करतो: "भाऊ, अधिकार कर्माचा, फळाचा नाही." मला हे पटत नाही. तो उपदेश कर्त्यानं स्वतःला करायचा असतो. ज्याच्या ताटातलं काढून घेतलं त्याला दुसऱ्यानं तो ऐकवणं म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं. फळाची आस सोडायची की नाही हे निंबाळकरांनी ठरवायचं होतं, समोरच्या कर्णधारानं नव्हे.

मग दोष कोणाला द्यायचा? काठियावाड हे नाव गेलं, त्या भागाचा संघ आता सौराष्ट्र म्हणून खेळतो. नाव बदललं, माणसंही बदलली, तर तो संघ तोच का? अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात शोभावा असा हा प्रश्न. माझ्या मते वारसा टिकतो, अपराध नाही. आजच्या पोरांवर माझा राग नाही.

आणि ते ४५२ तरी कुठे टिकले? १९५९ मध्ये हनीफनं ४९९ केले, १९९४ मध्ये लारानं नाबाद ५०१. पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजांत आजही निंबाळकरांचे ४४३ च सर्वांत वर आहेत.