कान कोणाचा?

दरेकसाच्या एका पोराला शाळेत 'सुपकान्या' म्हणत. वय 7. दोन्ही कान डोक्यापासून सुटून पुढे आलेले. चिडवायचे पोराला, पण लागायचं बापाला. धान विकून हाती पैसे आले तसा तो पोराला घेऊन नागपूरला निघाला. आजीलाही सोबत घेतलं, कारण तिच्याशिवाय पोर दवाखान्यात पाय टाकेना.

प्लास्टिक सर्जनने कान चाचपला. "वरची घडी पडलीच नाही. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आणला असता, तर कूर्चा मऊ होती. साचा लावून वळवता आली असती. आता कानामागे चिरा देऊन आतून टाके घालावे लागतील. पाच-सहा वर्षांत कान बहुतेक वाढून होतो, तेव्हा वय ठीक आहे."

"तं करून टाका, सायेब."

डॉक्टर पोराकडे वळले. "तुला काय वाटतं रे?"

"मले काई नाई वाटत. बोगद्यातून गाडी निंगाली का सगळ्यात आधी मलेच आयकू येते."

बाहेरच्या कानाच्या अशा ठेवणीने ऐकण्यात फारसा फरक पडत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पोराला त्यांनी ते सांगितलं नाही, बरंच केलं.

"पन आजीचा कान फाटला हाये," पोर म्हणालं. "तो शिवा न."

आजीने घाईने पदर पुढे ओढला. जड दागिन्यांनी भोक ओघळत ओघळत पाळीच्या कडेला गेलं होतं. पाळीच्या दोन फाकी लोंबत होत्या. कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेतही ती कानावरचा पदर ढळू द्यायची नाही. घरात कोणी कधी विचारलं नव्हतं.

"या वयात मायले काय करायचं हाये?" बाप म्हणाला.

"कान त्यांचा आहे. त्याच सांगतील." डॉक्टर आजीजवळ स्टूल ओढून बसले. "कानापुरतीच भूल देतो. अर्धा-पाऊण तासाचं काम. हे काही आजकालचं फॅड नाही, आजी. तुटलेली पाळी जोडायच्या 15 तऱ्हा सुश्रुतसंहितेत सांगितल्या आहेत."

आजीला सुश्रुताशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "मंग कानात घालता येईन?"

आठवड्याने टाके निघाले. तीनेक महिन्यांनी जुना वण सोडून शेजारी नवं भोक पाडलं आणि आजीने त्यात हलकी कुडी घातली. पोराचे कान होते तसेच राहिले. बाप धुसफुसला, पण गप्प बसला.

पोर सहावीत गेलं आणि एका रात्री जेवताना आपणहून म्हणालं, "बाबा, आता माये कान करून दे."

"कोनी चिडवलं काय?"

"नाई. मलेच पायजे."

पुन्हा नागपूर. आठवडाभर डोक्याभोवती पट्टी राहिली, पुढे काही आठवडे रात्री झोपताना पट्टा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या शस्त्रक्रियेला सही पालकाचीच लागते. बापाने ती केली.