मन, मनन आणि नमन

'मन' हा शब्द आपल्या वारकरी मंडळींच्या तोंडी जितका येतो तितका क्वचितच दुसरा कोणता येत असेल. टाळ हाती घेतला, पण मन लागत नाही. एकादशी धरली, पण मन पारण्याकडे. माळ गळ्यात आहे, मन मात्र भावकीच्या वादात. अशी गाऱ्हाणी आम्ही नित्य ऐकतो. तेव्हा ज्याच्याविषयी एवढी तक्रार, ते मन म्हणजे आहे तरी काय, हे एकदा त्या शब्दालाच विचारू या.

संस्कृतात 'मन्' असा धातू आहे. विचार करणे, समजणे, मानणे असा त्याचा अर्थ. त्यापासून 'मनस्' झाले, तेच आपले मन. मति, मत, मनन, मंत्र ही सारी त्याच घरची लेकरे. मुनी हा शब्दही जुने वैयाकरण ह्याच धातूपासून साधतात. निरुक्तकार यास्काने मंत्राचे नाते मननाशीच जोडले आहे. आपला 'माणूस' आला 'मनुष्य' शब्दावरून, आणि त्याच्याही मुळाशी मननच आहे. फार काय, लॅटिनातला 'मेन्स' आणि इंग्रजीतला 'माइंड' हेही ह्याच कुळीचे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मात्र धान्य मोजण्याचा 'मण' ह्या भावकीतला नव्हे हो! तो निराळा, मापाचा शब्द.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. वेदान्ती मनाला अंतःकरण म्हणतात. करण म्हणजे साधन, हत्यार. सुताराला वाकस, शेतकऱ्याला नांगर, तसे जीवाला हे आतले हत्यार. हत्यार एकच, पण कामाप्रमाणे त्याची नावे चार. पालखी उद्या निघायची आहे. जावे की राहावे, अशी घालमेल चालली, ते मन. जायचेच, असा निश्चय झाला, ती बुद्धी. मागल्या सालची वाट आणि सोबती आठवले, ते चित्त. आणि 'आपल्यावाचून दिंडीचे अडेल' असे वाटले, तो अहंकार! चौघांची ओळख प्रत्येकाने आपल्या घरीच करून घ्यावी.

कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे, इंद्रियांना घोडे, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम. लगाम वाईट असतो काय? नाही. सारथ्याच्या हाती असला तर घोडे वाटेने चालतात. सुटला तर तोच घोड्यांच्या पायांत अडकतो. म्हणून मनाला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. तो कोणाच्या हाती आहे, हे पाहावे लागते.

आपल्या मराठीने मनाला किती परीने वागवले आहे! मन लागते, वळते, विटते, भरते. मन राखावे लागते, कधी मारावेही लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे मन मोडते. समजा, एका घरचे दोघे भाऊ. बांधावरून बिनसले, बोलणे तुटले. दोघेही वारकरी, दोघेही एकाच दिंडीत. पण एक पुढे चालतो, एक मागे. विचारले तर म्हणतात, "महाराज, मन मोडले ते मोडले. फुटलेले मडके सांधते का?"

इथेच शब्दाचा अर्थ कामाला येतो. मडके ही वस्तू आहे, मन ही वस्तू नव्हे. मन म्हणजे मनन, म्हणजे करणे. वीस वर्षे जुना अपमान मोडका राहतो तो आपोआप नव्हे. आपण रोज उठून त्याचे मनन करतो, रोज तो पुन्हा मोडतो. जे करण्याने टिकले आहे, ते दुसरे करण्याने पालटेल. मंत्र आणि मन एकाच धातूचे आहेत, ह्याचे मर्म हेच. ज्या जागी अपमानाची आवर्तने चालली आहेत, त्याच जागी नामाची आवर्तने सुरू करा. मनाला रिकामे बसता येत नाही. त्याला दुसरे काम द्यावे.

कीर्तनकार एक कोटी करतात, की 'मन' उलटले म्हणजे 'नम' होते. हे व्याकरण नव्हे. 'नम्' हा वेगळा धातू, त्याचा अर्थ वाकणे. पण कोटी असली तरी अनुभव खरा आहे. आपल्या संप्रदायात लहानथोर न पाहता एकमेकांना माऊली म्हणून पाया पडतात. वाटेत भेटलेल्या अनोळखी वारकऱ्यापुढे आपण चटकन वाकतो. तेथे काही अडत नाही. अडते ते सख्ख्या भावापुढे! मग परक्याच्या ठायी दिसलेला पांडुरंग भावाच्या ठायी कोठे गेला? बांधाची मोजणी खुशाल करून घ्या, ज्याचे त्याला मिळू द्या. पण मोजणीसाठी अबोला कशाला हवा?

हे एका दिवसात साधेल असे आम्ही म्हणत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष अर्जुनानेही मन वाऱ्यासारखे आवरत नाही म्हणून हात टेकले. तेव्हा भगवंतांनी त्याला रागे भरले नाही. मन चंचल आहे हे मान्य केले आणि दोन उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ती गोष्ट आपल्या बोलीत आणली, ती आपल्यासारख्यांसाठीच. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. आज वाकता आले नाही तर उद्या, उद्या नाही तर पुढल्या मुक्कामी.

येत्या वारीत कोणी पुढे चालत असेल, त्याने थोडे थांबावे. मागे असेल, त्याने दोन पावले उचलावी. पंढरपूर येण्याआधी हे झाले, तर विठोबाच्या पायांवर डोके ठेवताना मन जागेवर असेल.

रामकृष्णहरि.