गाणे आत आले, गाणारी बाहेर राहिली

दरवर्षी जून महिना उजाडला की शालेय पुस्तकांच्या खरेदीसाठी आमची पावले अप्पा बळवंत चौकाकडे वळतात. पुण्याच्या बुधवार पेठेचे हे एक टोक. यंदा पुस्तकांचा गठ्ठा सांभाळत आम्ही तीन-चार दुकानदारांना विचारले, “या पेठेत आनंदोद्भव नावाचे नाट्यगृह होते, त्याची जागा कोठे?” एकालाही सांगता आले नाही. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र आमच्या पावलांची दिशा पाहून हलक्या आवाजात बजावले, “तिकडच्या गल्ल्यांतून जाऊ नका. चांगल्या माणसांची ती वाट नव्हे.” नाट्यगृहाचा शोध तेथेच राहिला, ते वाक्य मात्र घरापर्यंत आमच्याबरोबर आले.

त्या नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. आदल्याच वर्षी मे महिन्यात पेठेतील पेशवेकालीन बुधवारवाडा आगीत भस्मसात झाला होता. जुने जळाले त्याच परिसरात दुसऱ्या वर्षी काही नवे उभे राहिले, आणि ते उभे करणारे बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर हे सरकारी कचेरीत नोकरी करणारे सदतीस वर्षांचे गृहस्थ होते.

त्यांनी नवे ते काय केले? विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला, तेव्हापासून पद्ये म्हणावयाची ती सूत्रधाराने आणि पात्रांनी आयत्या वेळी सुचेल ते बोलावयाचे, असा रिवाज पडला होता. दुःख पात्राचे, पण गळा सूत्रधाराचा! अण्णासाहेबांनी तो गळा ज्याचा त्याला परत दिला. शकुंतलेचा विरह शकुंतलेनेच गावा, दुष्यंताचा पश्चात्ताप दुष्यंताच्याच मुखातून यावा. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तीत धाडस होते हेच ध्यानात येत नाही. खऱ्या नावीन्याचे हेच लक्षण असावे. ते एकदा रुजले की ‘असेच तर असायचे’ असे सर्वांना वाटू लागते.

या धाडसाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. ‘नाटक्या’ हा शब्द त्या काळी शिवीसारखा वापरला जाई. नाटकवाल्याला मुलगी देताना बाप दहादा विचार करी. अशा काळात हा सुशिक्षित, नोकरदार माणूस सूत्रधाराचा वेष घेऊन स्वतः रंगमंचावर उभा राहिला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मराठी रंगभूमीचे रूप पालटण्यास त्यांना पाचच वर्षे मिळाली.

येथवरची कथा गौरवाची आहे. परंतु आम्हांला अडवितो तो प्रश्न याच्या पुढचा आहे. अण्णासाहेबांच्या पदांच्या चाली कोठून आल्या? काही कीर्तनातून, काही कानडी गीतांतून, काही बायकांच्या घरगुती गाण्यांतून, तर काही लावणीतून. पुढे १९११ साली ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी चाली बांधल्या, तेव्हा ठुमरी-दादऱ्यासारखे, तवायफांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले गानप्रकारही आपल्या नाटकात आले. बायकांनी सांभाळलेले गाणे अशा रीतीने प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात पोहोचले. पण बाई? शकुंतलेची, सुभद्रेची भूमिका पुरुषच करीत. प्रथम भाऊराव कोल्हटकरांनी, नंतर बालगंधर्वांनी त्या अजरामर केल्या. पात्राचा गळा पात्राला परत मिळाला; स्त्रीचा गळा स्त्रीला मिळाला नाही.

कोणी म्हणेल, आजचा न्याय १८८० सालाला लावणे हा अन्याय आहे. त्या काळी स्त्री रंगमंचावर उभी केली असती तर नाटकच बुडाले असते. हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. एकच माणूस सगळ्या भिंती पाडीत नाही. एक पाडताना तो दुसरीचा आधार घेतो. पण याच पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली, म्हणजे ‘शाकुंतला’च्या बत्तीस वर्षे आधी, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली होती, हेही विसरता येत नाही. काळ सर्वांनाच बांधतो. मात्र सर्वांना सारखाच बांधीत नाही.

म्हणून दोष आणि ऋण या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, असे आम्हांला वाटते. दोष ज्याचा त्याच्याबरोबर जातो. मेलेल्या माणसावर तो लादून आपण मोठे होत नाही. ऋणाचे तसे नाही. बापाने घेतलेले कर्ज मुलाच्या दारी येते, आणि घर जर त्याच पैशांतून बांधलेले असेल तर ‘मी कोठे घेतले?’ असे म्हणण्याची सोय मुलाला उरत नाही. नाट्यगीत ज्याला गोड वाटते तो प्रत्येक जण या घरात राहणारा आहे.

या ऋणाचा काही भाग फेडला गेला तो एका स्त्रीकडूनच. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) या उस्ताद अब्दुल करीम खाँ व ताराबाई माने यांच्या कन्या. १९२९ मध्ये त्यांनी भावंडांसह नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. जाहीर मैफलीत त्या साधे लुगडे नेसून, हावभावांचा आश्रय न घेता, स्थिर बसून गात. त्या बसण्यात केवढे बंड होते! मी येथे कोणाला रिझवावयास आलेले नाही, गावयास आले आहे, हे त्यांनी एक शब्दही न बोलता सांगितले. पण गंमत पाहा, जे ऋण समाजाने फेडावयाचे ते धनकोनेच फेडले. सन्मान मिळावा म्हणून शालीनतेची कसोटी तिने दिली. ऐकणाऱ्यांची कसोटी कोणी घेतली नाही.

आणि आज? बुधवार पेठेच्या त्या गल्ल्यांत उभी असणारी स्त्री त्या गायिकांची वारस नव्हे, हे आम्ही जाणतो. ती बहुधा दूरच्या मुलखातून, दारिद्र्यामुळे वा फसवणुकीने येथे आलेली असते. तिच्यापाशी आपल्याला हवे असलेले गाणे नाही. तरीही जुने नाते एका बाबतीत शिल्लक आहे: हवे ते घ्यावयाचे आणि जिच्याकडून घ्यावयाचे तिला ‘चांगल्या माणसांच्या वाटे’बाहेर ठेवावयाचे, हा आपला व्यवहार बदललेला नाही. भिडेवाड्याची जीर्ण इमारत २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आली. स्मारके व्हावीत, पण ज्या वस्तीत ती उभी राहतात तेथील स्त्रीकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर त्या दगडांना काय अर्थ?

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही उत्तर दिले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आम्हीही मुकाट्याने वाट बदलली. हे लिहिताना तेच आम्हांला सलते आहे. अण्णासाहेबांनी जे दुसऱ्याच्या तोंडी होते ते ज्याचे त्याला दिले. उरलेले काम आपले आहे, आणि त्याला रंगमंच लागत नाही. पुढच्या जूनमध्ये पुस्तके घेऊन परतताना निदान वाट तरी न बदलण्याचे आम्ही ठरविले आहे.