लांच देणाराचा दोष किती?

एखादा शेतकरी फेरफाराची नोंद करून घेण्यास कचेरींत जातो. कागद पुरे असतात, हक्कही निर्विवाद असतो. तरी "उद्यां या" हे शब्द त्यास तीन वेळां ऐकावे लागतात. चौथ्या वेळीं तो कांहीं नोटा पुढें सरकवितो आणि नोंद होते. घरीं परततांना त्याचें मन त्यास विचारितें कीं, मीं अपराध केला, कीं मजवर जुलूम झाला? वाचकहो, आपणांपैकीं पुष्कळांस हा प्रश्न परका नसेल.

ह्याच प्रश्नानें १८८८ सालीं मुंबई इलाखा हालवून सोडिला होता. आर्थर क्रॉफर्ड हे तेव्हां मध्य भागाचे कमिशनर होते. पूर्वीं ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असतां शहराच्या आरोग्यासाठीं त्यांनीं मोठी खटपट केली, व त्यांच्या नांवाची मंडई तेथें अद्याप उभी आहे. (तिला पुढें महात्मा जोतीराव फुले ह्यांचें नांव दिलें, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच राहिलें.) मनुष्य कर्तबगार खरा, पण कर्जांत बुडालेला. मध्यस्थाच्या हातून मामलेदारांचे पैसे घेऊन ते बदल्या व बढत्या करितात, असा त्यांजवर आरोप आला. परंतु साक्ष कोण देणार? जो बोलेल त्यास आपणही लांच दिल्याचें कबूल करावें लागणार. म्हणून सरकारनें मामलेदारांस अभय दिलें. चौकशीच्या कमिशनास लांचेचा आरोप शाबीत वाटला नाहीं. मात्र आपल्याच अंमलांतील लोकांकडून कर्जें घेतल्यामुळें साहेबांची नोकरी गेली.

मग रोख मामलेदारांवर वळला. ज्यांनीं स्वमुखानें लांच दिल्याचें सांगितलें, त्यांनीं पुनः लोकांचे खटले चालवावे काय? हा आक्षेप पोकळ नव्हता. उलट पक्षीं टिळकांसारख्यांनीं मामलेदारांची बाजू उचलली. १८८९ सालीं त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तरी त्यांतील कांहीं जणांस कामावरून दूर व्हावें लागलेंच.

आमच्या मतें दिलेलें अभय पाळणें प्राप्तच होतें; नाहीं तर पुढें कोणीही खरें बोलता ना. परंतु अभय मिळालें म्हणून दोष धुतला गेला, असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्यानें जागा पैसे देऊन मिळविली, तो ती रक्कम खालच्यांकडून काढल्यावांचून कसा राहील? वरच्याची भूक अशी पायरी पायरीनें रयतेच्या दारीं उतरते. नवा कारकूनही आपलें काम नियमांच्या पुस्तकांतून थोडें आणि शेजारच्या मेजावरून फार शिकतो. आमच्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्यानें दुसऱ्याचें कांहीं हिरावलें नाहीं, स्वतःचेंच हक्काचें विकत घेतलें. त्याचा दोष लहान. तथापि त्याच्या मागें उभ्या असलेल्या विधवेचें काम त्यानें महाग करून ठेविलें, हें विसरतां येत नाहीं.

सांप्रतचा कायदा ह्याच भेदावर बोट ठेवितो. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा २०१८ सालीं सुधारला, तेव्हांपासून लांच देणें हाही स्वतंत्र गुन्हा असून त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. मात्र ज्यास बळेंच द्यावी लागली, त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपास खात्यास कळविलें तर तो त्या शिक्षेंतून सुटतो. सात दिवस! ज्याला पुढच्या महिन्यांत त्याच मेजापाशीं पुनः जावयाचें आहे, त्याला ही मुदत फार थोडी वाटेल. ह्यापेक्षां पैसे देण्यापूर्वींच लांचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ ह्या क्रमांकावर कळविणें बरें.

आणखी एक मार्ग आहे, पण खेड्यांत तो थोड्यांसच ठाऊक असतो. महाराष्ट्रांत २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्याखालीं ज्या सेवा जाहीर झाल्या आहेत त्यांस मुदत ठरलेली असते. अर्जाची पोंच मागून घ्यावी, आणि मुदत टळली कीं वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावें. तेथें "उद्यां या" ह्याचें कारण कारकुनास लिहून द्यावें लागतें.