प्राण आणि स्वत्व

एखाद्या पुस्तकावर बंदी होती असें कळलें कीं तें वाचण्याची उत्कंठा वाढते. केट शोपिन या अमेरिकन लेखिकेची ‘दि अवेकनिंग’ ही कादंबरी मीं हातीं घेतली ती, खरें सांगावयाचें तर, याच मोहानें. १८९९ सालीं ती शिकागो येथें प्रसिद्ध झाली, आणि लेखिकेच्या सेंट लुइस या गांवच्या ग्रंथालयानें तिजवर बंदी घातली, अशी आख्यायिका पुष्कळ वर्षें सांगितली जात असे. पुढें संशोधकांनीं शोध केला, तेव्हां त्या बंदीचा कांहींच पुरावा सांपडला नाहीं. एवढें खरें कीं, १९०२ मध्यें इव्हॅन्स्टन येथील ग्रंथालयानें ती उघड्या कपाटांतून काढून टाकली. बाकीचें काम टीकाकारांच्या नापसंतीनें आणि त्यामागून आलेल्या मौनानें केलें. १९०४ मध्यें लेखिका वारली. १९६९ सालीं पेर सेयेरस्टेड या नॉर्वेजियन अभ्यासकानें तिचें समग्र वाङ्मय संपादून प्रसिद्ध केलें, आणि तेथून या कादंबरीला खऱ्या अर्थानें वाचक मिळाले. बंदीचा हुकूम निदान लेखी असतो, त्याविरुद्ध दाद मागतां येते. मौनाविरुद्ध ती कोणाकडे मागावी?

कथानक लहान आहे. एड्ना पाँटेलिए ही न्यू ऑर्लिन्समधील एका सुखवस्तु गृहस्थाची पत्नी, दोन मुलांची आई. उन्हाळ्यांत ग्रँड आइल या बेटावर ती पोहावयास शिकते. एका तरुणावर तिचें मन जडतें. शहरांत आल्यावर पतीचें घर सोडून ती स्वतःच्या पैशांनीं एका लहानशा घरांत राहूं लागते. शेवटीं ती पुन्हां त्याच बेटावर जाते आणि समुद्रांत पोहत दूर निघून जाते, ती कायमचीच.

प्रेमप्रकरणावर टीकाकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली. मला तो भाग गौण वाटतो. पुस्तकाचें मर्म एड्नाच्या एका बोलण्यांत आहे. मुलांसाठीं मी पैसा देईन, प्राण देईन, पण माझें स्वत्व देणार नाहीं, अशा आशयाचें कांहीं ती मैत्रिणीला सांगते. मैत्रिणीला तें उमगत नाहीं. प्राणांहून अधिक आई आणखी काय देणार?

आपल्यापैकीं पुष्कळांना तरी कोठें उमगेल? आईनें स्वतःस विसरावें हीच आईपणाची कसोटी, असें मानणाऱ्या घरांत आपण वाढलों. परंतु प्राण एकदांच मागितला जातो, बहुधा मागितलाही जात नाहीं. स्वत्व मात्र रोज थोडें थोडें मागितलें जातें, आणि मागणाऱ्यास आपण मागत आहोंत याची जाणीवही नसते. कादंबरीच्या आरंभीं एका रात्रीं पति उशिरा घरीं येतो आणि मुलाला ताप आहे असें सांगून पत्नीला उठवितो. ताप नाहीं याची तिला खात्री आहे. तरी तो आईच्या कर्तव्याबद्दल चार शब्द सुनावतोच. ती उठून मुलाला पाहून येते. तोंवर पति गाढ झोपतो, आणि ती बाहेर ओट्यावर बसून रडते. कां, हें तिलाही सांगतां येत नाहीं. येथें दुष्ट कोणीच नाहीं. पति भला आहे, उदार आहे.

असें असूनही एड्नाचा शेवट मला पटत नाहीं. प्राण देऊन तिनें स्वत्व राखलें खरें; पण तो प्राण मुलांच्या वांट्यास आला कोठें? खुद्द लेखिका बत्तिसाव्या वर्षीं विधवा झाली, पदरीं सहा मुलें. त्या मुलांच्या गलबल्यांतच बसून तिनें लेखन केलें. तिला जें साधलें तें नायिकेस कां साधूं दिलें नाहीं? विधवेला जाब विचारणारें घरांत कोणी नव्हतें, हें तर त्याचें कारण नसेल? तसें असेल तर तें फार कडू आहे, आणि त्याचा दोष एड्नाकडे जात नाहीं.

सुनेनें हें पुस्तक वाचावयास मागितलें तेव्हां मी क्षणभर घुटमळलों, हें कबूल केलें पाहिजे. ग्रंथालयवाल्यांना हसणारा मी! आठ दिवसांनीं तिनें तें परत आणून दिलें. प्रेमाविषयीं किंवा समुद्राविषयीं ती कांहीं बोलेल अशी माझी अपेक्षा होती. तिनें एवढेंच विचारलें, “बाबा, त्या मुलाला ताप नव्हताच ना?”